तळाच्या गार बादल्या

रविवार, ६ जानेवारी

शाळा सुटली तशी डायरीही सुटली होती. आज कपाटातून कोरी वही काढली, कारण डोकं इतकं तापलंय की कुठेतरी ओतल्याशिवाय झोप यायची नाही.

दुपारी साडूकडे जेवण होतं. त्याच्या मुलीला नोकरी लागली म्हणून. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गच्चीवर बसवायचे सोलर बंब विकतो आणि सूर्य याच्याच खिशात असल्यासारखा बोलतो. मी मनातल्या मनात त्याला एजंट म्हणतो. ऑक्टोबरात मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतो, तेव्हा या गृहस्थाने मला न विचारता माझ्या गच्चीवर एक बंब बसवून टाकला. वर दोनशे लिटरची टाकी, खाली काळ्या काचेच्या नळ्यांची रांग. भेट म्हणे! काठी टेकत घरी आलो तर माझ्याच डोक्यावर ते धूड चकाकत होतं. बायको म्हणाली, "असू द्या हो, प्रेमानं दिलंय." मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, आणि माझ्या घरात उष्णतेचं यंत्र आणताना मला एका शब्दाने विचारावंसं कोणाला वाटलं नाही.

तर आज जेवताना एजंट वीस माणसांना सांगत होता की मास्तरांच्या घरी रोज नऊ युनिट वीज वाचते. मी म्हटलं, शक्य नाही. तो म्हणाला, "करा ना मग हिशेब, मास्तर. तुम्ही तर गणित-विज्ञानवाले." मी तिथल्या तिथे तोंडी केला. दोनशे लिटर पाणी, अडतीस अंश वाढ, सात हजार सहाशे किलोकॅलरी. तिथून युनिटमध्ये आणलं आणि ठणकावून सांगितलं, "जेमतेम अर्धा युनिट."

एजंट वाटी खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "मास्तर, कॅलरीचे ज्यूल करताना चार पूर्णांक दोनने गुणायचं होतं. तुम्ही भागलंत."

चूक होती. अशी चूक सातवीच्या मुलाने केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. माणसं खो खो हसली. वर एजंट म्हणतो, "मास्तर, फळ्यावरून उतरा आता. जरा गच्चीवर या."

त्याचं हसणं मी पचवलं असतं. पण बायको हसली. तोंडावर पदर न घेता, मान मागे टाकून, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून हसली. इतकी हसताना तिला मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

निबंधात 'सूड' शब्द आला की मी मुलांना तो खोडायला लावायचो. आज इथे लिहितो आणि खोडत नाही.

मंगळवार, ८ जानेवारी

गच्चीवर या म्हणालास ना? आलो.

गुडघा कुरकुरत होता, पण सकाळी सात वाजता कठड्याला धरून वर गेलो. पद्धत ठरवली आहे. बंबात गार पाणी खालून शिरतं आणि गरम वरून बाहेर पडतं. टाकीपाशीच एक नळ आहे. त्या नळाने वीस लिटरची एकेक बादली भरायची, थर्मामीटर बुडवायचा, आकडा लिहायचा. दहा बादल्या झाल्या की टाकी संपली. प्रत्येक बादली गार पाण्यापेक्षा किती अंशांनी गरम, तेवढं वीसने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची, आठशे साठने भागायचं, कारण एका युनिटात तेवढ्या किलोकॅलरी. उत्तर युनिटमध्ये. या वेळी गुणाकार-भागाकार तीनदा तपासणार आहे.

एकदा टाकी अशी रिकामी केली की ती गार पाण्याने भरते. मग दिवसभराच्या उन्हाने जे काही मिळेल ते दुसऱ्या सकाळी पुन्हा माझ्या बादल्यांत. सूर्याला पळायला जागा नाही, एजंटालाही नाही.

काढलेलं पाणी दोन ड्रममध्ये ओततो. कुंड्यांना, फरशीला होईल.

आजची टाकी कालपासून भरलेली, म्हणून आजचं माप धरत नाही. उद्यापासून खरं.

बुधवार, ९ जानेवारी

पहिलं माप. नळाचं गार पाणी बावीस अंश.

पहिल्या सहा बादल्या साठ अंश. मला घामच फुटला. म्हटलं, हा माणूस खरा निघतो की काय. सातवी एक्केचाळीस. आणि आठवी, नववी, दहावी एकदम गार! तेवीस-चोवीस. कोणीतरी मध्ये रेघ ओढावी तसं.

बेरीज पाच हजार वीस. भागिले आठशे साठ. पाच पूर्णांक आठ युनिट.

नऊ म्हणाला होता! वीस माणसांसमोर नऊ म्हणाला होता!

मी गच्चीवर एकटाच हसलो. मान मागे टाकून.

शनिवार, १२ जानेवारी

तीन दिवस तेच. सहाच्या आत-बाहेर. काल ढग होते, चार पूर्णांक एक आलं. ते लिहून घेताना फार आनंद झाला, नंतर वाटलं की न्याय म्हणजे न्याय. ढगाळ दिवस धरायचा नाही. मला एजंटाला उघड्या आकाशाखाली हरवायचं आहे.

गार बादल्यांचा अर्थ आता माझ्या लक्षात आला. टाकीच्या तळाचं पाणी तापतच नाही. नळ्या बसवताना उतार चुकला असणार. निम्मं यंत्र शोभेचं. हे मी सभेत सांगेन तेव्हा तो म्हणेल, कोणीतरी पाणी वापरलं असेल. कोण वापरणार? घरात माणसं दोन. प्रत्येकी एक बादली, हा या घराचा नियम आहे, लग्नापासूनचा. मी अंघोळ माप झाल्यावर करतो. राहिली बायको, तिची एक बादली. ती मी मोठ्या मनाने एजंटाच्या बाजूला जमा केली आहे. तरी सातच्या वर जात नाही.

आता 'सभेत' असं लिहिलंय खरं. त्याचं असं झालं की सोसायटीचे अध्यक्ष, आपले दातवाले डॉक्टर, काल फाटकापाशी भेटले. सोसायटीतल्या सगळ्या घरांवर सोलर बंब बसवायचा विचार आहे, आणि काम एजंटाला द्यायचं चाललंय. सत्तावीस तारखेला सभा. डॉक्टर म्हणाले, "तुमच्याकडे तर आहेच बसवलेला. तुम्ही दोन शब्द बोला, मास्तर. तुमचा शब्द लोक मानतात."

मी म्हटलं, जरूर बोलेन.

रविवार, १३ जानेवारी

आज माप नाही. रविवारी सूर्यालाही सुट्टी.

बायको दुपारभर शिवत बसली होती. ती ब्लाउज शिवते, तिच्या हाताच्या फिटिंगची ख्याती आहे. मला म्हणाली, "जरा सुईत दोरा ओवून द्या." ओवून दिला. अर्ध्या तासाने पुन्हा. तिसऱ्यांदा मी म्हटलं, डोळे तपासून घे. ती म्हणाली, "बघू." आणि मग तोच चष्मा लावून पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचत बसली. बायकांचं काही कळत नाही.

लोणच्याची बरणीही मलाच उघडायला लावते हल्ली. गुडघ्याचा पेशंट मी, आणि कामं मला.

मंगळवार, १५ जानेवारी

माप: सहा पूर्णांक शून्य.

भाषणाचा मसुदा करायला घेतला. सुरुवात विनयाने. "मी एक साधा शिक्षक. मागे एकदा मी भर जेवणात गुणायच्या ऐवजी भागलं." इथे लोक हसतील. हसू द्यायचं. मग थांबायचं. मग म्हणायचं, "आज मी फक्त बेरीज करणार आहे." आणि एकेक बादली वाचायची. साठ, साठ, साठ... आणि मग तेवीस. एजंटाच्या तोंडाकडे बघत तेवीस म्हणायचं.

आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा आरशात बायको दिसली, दारात उभी, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून. लहान मूल दूध पितं तसा धरते आता.

"काय चाललंय?" म्हणाली.

"तयारी."

"कसली?"

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला मान द्यायची."

ती म्हणाली, "बंब वर आहे तो राहू द्याल ना पण?"

मी म्हटलं, "भाषणाचा शेवटच तो आहे. सगळ्यांसमोर सांगणार, हे धूड उद्याच्या उद्या माझ्या गच्चीवरून काढून ने. खोटं यंत्र मी डोक्यावर बाळगणार नाही."

"आणि मग गरम पाणी?"

"गीझर आहे की."

गीझर म्हटलं की तिचं तोंड का उतरतं कोण जाणे. बंब आल्यावर मी गीझरची तार काढून ठेवली आहे, ती पुन्हा जोडायला कितीसा वेळ लागतो? बटण माझ्या खोलीबाहेर आहे, दहा मिनिटं लावलं की दोन बादल्या होतात. इतकी वर्षं झाल्याच ना? गेल्या थंडीत दोनदा म्हणाली होती, जरा जास्त वेळ राहू द्या. तेव्हाच मी तिला कागदावर मांडून दाखवलं होतं की दर जादा मिनिटाला किती वीज जाते. तिला पटलं होतं. पुन्हा कधी म्हणाली नाही.

शुक्रवार, १८ जानेवारी

काल दुपारी बायको बहिणीकडे गेली, रात्री तिथेच राहिली. मी डबा खाल्ला, लवकर झोपलो.

आज सकाळी गच्चीवर विचित्र प्रकार. दहाच्या दहा बादल्या गरम. पहिल्या आठ साठ-एकसष्ट, नववी अठ्ठावन्न, दहावी बावन्न. बेरीज केली तर आठ पूर्णांक सात येतंय.

खाली येऊन थर्मामीटर तपासला. उकळत्या पाण्यात घातला, शंभर दाखवतो. बर्फात घातला, शून्य. पण उपकरणं अशीच असतात, मधूनच लहर लागते. शिवाय काल ऊन जरा जास्तच कडक होतं. बाहेरच्या दोरीवरचे कपडे लवकर वाळले हे मी स्वतः पाहिलं.

विज्ञानात असं एखादं माप रांग सोडून निघालं तर ते बाजूला ठेवतात. मुलांनाही मी हेच शिकवलं. मी बाजूला ठेवलं.

शनिवार, १९ जानेवारी

बायको काल संध्याकाळी परत आली. आजचं माप पाच पूर्णांक नऊ. पुन्हा तळाला गार. बरं झालं, थर्मामीटर ताळ्यावर आला.

मेहुणी तिला सोडायला आली होती. मला म्हणाली, "भाऊजी, ताईचा खांदा बघितलात का तुम्ही?" मी म्हटलं, काय झालं खांद्याला? बायको आतून ओरडली, "काही नाही गं, तू जा." मेहुणी माझ्याकडे अशी बघून गेली की जणू तिच्या नवऱ्याचं सगळं भांडवल मी बुडवलंय. अजून बुडवायचं आहे, बाई.

बुधवार, २३ जानेवारी

एजंट स्वतः आला. हातात फळांची पिशवी. सभेचं कानावर गेलं असणार.

गच्चीवर गेला, नळ्या पाहिल्या, उतार मोजला, टाकीच्या पाठीवर हात फिरवला. मी मागे काठी टेकून उभा. म्हटलं, "काय, चुकला ना उतार?"

"उतार बरोबर आहे, मास्तर."

"मग तळाचं पाणी गार का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली, अंगणातल्या दोरीकडे. बायको कपडे वाळत घालत होती, एकेक चिमटा दोन हातांनी दाबून.

"तुम्ही कधी मोजता?" त्याने विचारलं.

"सात वाजता. अंघोळीच्या आधी."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी मी झोपलेला असतो. गुडघ्याच्या गोळीने जाग येत नाही. का? तुझा सूर्य सातच्या आधी उगवतो का?"

तो काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "मास्तर, सभेत जे बोलायचं ते बोला. फक्त बंब काढायला सांगू नका. एवढं ऐका माझं."

हात जोडले हो त्याने! माझ्या गच्चीवर, माझ्या बादल्यांच्या रांगेसमोर. मी म्हटलं, बघू. आणि मनात म्हटलं, आता तर नक्की सांगणार. मेहनतीने मिळवलेला विजय कोणाच्या विनंतीवर अर्धा सोडायचा नसतो.

फळं मात्र चांगली आहेत. त्यातली दोन खाल्ली.

शुक्रवार, २५ जानेवारी

शेवटचं माप. पाच पूर्णांक आठ. ढगाळ दिवस सोडून सगळ्या मापांची सरासरी पाच पूर्णांक नऊ. बायकोची बादली धरून पावणेसात. नऊ आणि पावणेसात. मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहिलं.

बायकोला पुठ्ठा दाखवला. तिने वाचला आणि विचारलं, "हे पावणेसात म्हणजे माझी बादली धरून?"

"हो. तुझ्यावर अन्याय नको."

ती हसली. त्या दिवशीसारखी नाही. ओठांच्या एका कोपऱ्यात, आणि लगेच संपलं. म्हणाली, "मी येऊ का सभेला?"

मला आनंद झाला. म्हटलं, ये की. पुढे बस.

रविवार, २७ जानेवारी

सभा झाली. लिहायला बसलोय, पण क्रम लागत नाहीये.

हॉल भरला होता. एजंट पहिल्या रांगेत कडेला, मेहुणी शेजारी, तिच्या शेजारी बायको. डॉक्टरांनी माझी ओळख करून दिली. मी पुठ्ठा टेबलावर उभा केला आणि ठरवल्याप्रमाणे सुरू केलं. गुणायच्या ऐवजी भागलं, लोक हसले. मी थांबलो. आता फक्त बेरीज, म्हटलं. बादल्या वाचू लागलो. आवाज इतका छान लागला होता. साठ म्हणताना मी सगळ्या हॉलकडे पाहत होतो, आणि तेवीस म्हणताना एजंटाकडे. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे निम्मी फसवणूकच की."

एजंटाने मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, "तुमचं काय म्हणणं आहे यावर?" तो उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तरांचं माप बरोबर आहे. मला काही म्हणायचं नाही."

तीन आठवडे मी त्या क्षणाची वाट पाहत होतो. आला तेव्हा थोडा बेचवच लागला. त्याने भांडायला हवं होतं. तरीही मी शेवटाकडे वळलो. म्हटलं, "आणि माझी या सज्जनांना विनंती आहे की उद्याच्या उद्या हे यंत्र माझ्या घरावरून..."

"तळाच्या गार बादल्या माझ्या आहेत."

बायको उभी होती. मला आधी कळलंच नाही कोण बोललं. तिचा आवाज मी कधी हॉलमध्ये ऐकलेला नव्हता.

"पहाटे पाचला मी गरम पाणी घेते," ती लोकांना सांगू लागली, माझ्याकडे न बघता. "साडेतीन-चार बादल्या. उठले की बोटं मिटत नाहीत माझी. खांदा वर जात नाही. गरम पाण्यात अर्धा तास हात बुडवून बसते, खांद्यावर घेत राहते, तेव्हा कुठे सुई धरता येते. मी जेवढं गरम घेते तेवढं गार खालून टाकीत येतं. तेच यांना सात वाजता सापडतं. ज्या दिवशी मी बहिणीकडे होते, त्या दिवशी सगळ्या बादल्या गरम निघाल्या असतील. विचारा यांना."

कोणी विचारलं नाही. सगळे माझ्याकडे नुसते बघत होते.

"हा बंब माझ्या हातांसाठी बसवलाय. दोन वर्षं झाली दुखणं सुरू होऊन. बहिणीला दिसलं, तिने नवऱ्याला सांगितलं. मीच म्हटलं होतं, यांना सांगू नका. म्हणून तो बिचारा गप्प बसलाय. त्याचं काम त्याला द्या. यंत्र चांगलं आहे."

आणि ती बसली. मेहुणी रडत होती. बायको नव्हती रडत.

डॉक्टर पुठ्ठ्याकडे बघत खाली आवाजात म्हणाले, "मग मास्तर, यात त्या तीन-चार बादल्या मिळवल्या की..."

मी मिळवल्या. उभ्या उभ्या, तोंडी. अठ्ठावन्न-साठ अंशांच्या. नऊला टेकतं. या वेळी चूक झाली नाही.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवार, २८ जानेवारी

सभेनंतर घरी येईपर्यंत ती पुढे चालत होती. मी पुठ्ठा काखेत मारून मागून लंगडत होतो.

घरात आल्यावर मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

ती चपला काढत होती. म्हणाली, "गीझर वाढवा म्हणून सांगितलं होतं. तुम्ही कागद दाखवलात."

"ते विजेचं होतं! दुखतंय म्हणून कुठे सांगितलंस?"

"दुखतंय म्हणूनच गरम पाणी मागतं ना माणूस?"

मी आवाज चढवला. म्हटलं, "तीन आठवडे तू मला मोजताना बघतेस. मी पुठ्ठा दाखवला, तू वाचलास. तेव्हा एका शब्दाने म्हणाली असतीस तर मी त्या हॉलमध्ये उभा राहिलो नसतो! मुद्दाम केलंस तू."

"हो," ती म्हणाली. "मुद्दाम."

इतकं सरळ म्हणाली की मी खुर्चीत बसलो.

"पहिल्या दिवशी वाटलं, आज विचारतील, सकाळी पाणी कोण वापरतं. दुसऱ्या दिवशी वाटलं. टाकीला विचारलंत, नळाला विचारलंत, उतारालाही विचारलंत. मी तिथेच होते हो. चार हातांवर. मग मी ठरवलं, बघू या किती दिवसांनी विचारतात. नाहीच विचारलंत. मग म्हटलं, जाऊ दे यांना स्टेजवर."

एकतीस वर्षं एकत्र राहून मला वाटायचं, सूड उगवायचं अंग या घरात फक्त मला आहे.

आज सकाळी तिने शिलाई मशीन पुसून झाकून ठेवलं. दुपारी एजंट गाडी घेऊन आला. वर आलाच नाही, खालून हॉर्न वाजवला. तिची पिशवी मी उचलायला गेलो, तर म्हणाली, "राहू द्या, तुमचा गुडघा." आणि ती पिशवी खांद्याला न लावता दोन्ही हातांनी पोटाशी धरून जिना उतरली.

कधी येणार, असं मी विचारलं नाही. दार उघडं ठेवून थोडा वेळ उभा राहिलो.

गुरुवार, ३१ जानेवारी

सोसायटीने एजंटाला काम दिलं. एकमताने. डॉक्टरांनी फाटकापाशी सांगितलं आणि वर म्हणाले, "तुमच्या मापाचा उपयोगच झाला म्हणायचा, मास्तर. इतकं बारीक कोणी मोजलं नसतं." चेष्टा करत होते की नव्हते, कळलं नाही. दातवाल्यांचं तोंड नेहमी झाकलेलं असतं.

काल रागाच्या भरात मी गीझरची तार पुन्हा जोडली. म्हटलं, बंबाचं तोंड बघणार नाही. दहा मिनिटांनी बटण बंद करायला उठलो आणि तसाच उभा राहिलो. बटण बाहेर, बाथरूम आत. आत कोणी असेल तर त्याला कसं कळणार, पाणी कधी बंद होईल? ती इतकी वर्षं कशी कळवायची? हाक मारायची की गप्प बसायची, ते मला आठवतच नाही.

बटण तसंच चालू ठेवलं. मग तासाभराने माझं मलाच सहन होईना, जाऊन बंद केलं.

रविवार, ३ फेब्रुवारी

सकाळी सातला गच्चीवर गेलो. माप घ्यायला नाही, थर्मामीटर खालीच ठेवला होता. नळ सोडला आणि बादल्या भरत गेलो. सवय. दहाव्या बादलीत हात घातला, तीही चांगली गरम. बादलीत हात ठेवून बसून राहिलो. पहिल्यांदा चटका बसतो, मग बोटं सैल पडतात. ती अर्धा तास बसते म्हणाली. मी मात्र लगेच कंटाळलो.

खाली येऊन फोन लावला. एजंटाने उचलला.

"बोला मास्तर. किती आलं आज?"

तोंडावर आलं होतं, तुझं नऊ तुलाच लखलाभ. पण म्हटलं, "तुझंच बरोबर आहे."

"ते मला माहीत आहे हो," तो म्हणाला. पण मऊपणाने म्हणाला, त्याचाच मला जास्त राग आला. "ताईंना देऊ का?"

बायको फोनवर आली. मागे भांड्यांचा आवाज येत होता, मेहुणी काहीतरी बोलत होती, कोणीतरी हसत होतं. मी मनात वाक्यं तयार केली होती. चार तरी होती. त्यांतलं एकही आलं नाही. मी विचारलं, "तुला पहाटे किती पाणी लागतं?"

मला वाटलं फोन कट झाला.

"म्हणजे मी गच्चीवरचं काही..." मी म्हटलं. "नुसतं विचारतोय. किती लागतं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "इथे कोणी मोजत नाही. लागेल तेवढं घेते."

मग तिने विचारलं गुडघा कसा आहे, मी बरा आहे म्हटलं. फोन तिने ठेवला.